जखमेची जागा

जगन्नाथांनी चित्रापुढच्या दोरीवरून वाकून क्रूसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताच्या बरगडीकडे बोट केलं, तसा मालिनीनं त्यांचा शर्ट मागून ओढला.

"जखम दोन इंच खाली हवी होती," ते म्हणाले. "इथून भाला गेला तर हाडातच अडकेल."

अबोलीनं वाक्य अर्धवट सोडलं. न्यूयॉर्कला चित्रकलेच्या इतिहासावर पीएचडी करणारी ही मुलगी आपला शनिवार मोडून मराठी मंडळाच्या सिनियर ग्रुपला जर्सी सिटीतल्या जुन्या चर्चमधली इटालियन चित्रं दाखवत होती, तीही मराठीतून. पहिल्याच चित्रात देवदूताचे पंख कुठल्या स्नायूला जोडलेत, असं जगन्नाथांनी तिला विचारलं होतं. दुसऱ्यात त्यांनी बाळ येशूला मुडदूस झाल्याचं निदान केलं होतं.

"काका, त्या काळी चित्रकार..."

"त्या काळी ते लोक प्रेतं चिरून बघायचे. मग?"

"अहो, बोलू द्या ना तिला," मालिनी दबक्या आवाजात म्हणाली. एकेचाळीस वर्षं ती हेच म्हणत आली होती, लोकांच्या लग्नांत, पार्ट्यांत, मुलीच्या ग्रॅज्युएशनलाही. ह्यूस्टनच्या हॉस्पिटलमध्ये पस्तीस वर्षं ॲक्सिडेंटच्या केसेस ऑपरेट केलेल्या माणसाचं ऐकायला आता तीच काय ती उरली होती. सकाळी गाडीत त्यांनी गप्प राहायचं कबूल केलं होतं.

अबोली घोटभर पाणी प्यायली.

"आता मेरीकडे बघा. सतराव्या शतकातल्या या बरोक शैलीच्या चित्रांत अशा प्रसंगी आक्रोश असतो, हात वर फेकलेले असतात. ही मात्र रडत नाहीये. मुलाच्या पायाखालची चादर सरळ करतेय. माझ्या प्रोफेसरांना वाटतं, चित्रकाराला इथे दुःख जमलंच नाही."

"नाही," जगन्नाथ म्हणाले.

मालिनीनं डोळे मिटले. "पुरे हो आता."

"नाही, हे बरोबर आहे. अगदी बरोबर." त्यांचं बोट खाली आलं होतं. "आधी रडत नाहीत आया. एकीनं विचारलं होतं, त्याचा दुसरा बूट कुठे आहे. एक बाई वेटिंग रूममधल्या खुर्च्या भिंतीला नीट लावत राहिली. सगळ्या खुर्च्या."

"तुम्ही काय सांगायचात त्यांना?" अबोलीनं विचारलं.

"मी नाही सांगायचो. हाताखालच्या रेसिडेंट डॉक्टरला पाठवायचो. दाराला काच होती, तिच्यातून बघायचो."

मालिनीच्या मुठीतला शर्ट सुटला. हॉस्पिटलमधून आल्यावर ते जेवताना अखंड बोलायचे, ट्रॅफिकबद्दल, लॉनबद्दल, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल. जरा शांतपणे जेवू द्या, असं ती म्हणायची.

पुढच्या चित्रात घोड्यावर बसलेला एक संत आपला झगा फाडून भिकाऱ्याला देत होता. अबोलीनं माहिती सांगितली आणि थांबून जगन्नाथांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ते हात मागे बांधून उभे होते, नजर फरशीवर.

अबोली पुढे वळली. लोक तिच्यामागे निघाले.

"अहो," मालिनी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "या घोड्याचा मागचा पाय बघा हो जरा. बरोबर आहे का तो?"