देवाला गेलेला चेंडू

आपण गोल्फ खेळतो, असं वेणीमाधव आठल्ये घरात पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी रेल्वे कॉलनीच्या सपाट मैदानावर काही महिने चेंडू बडवला होता, तोही बायकोपासून लपवून. कारण सांगायची त्यांना लाज वाटे. नोएडाला असलेला त्यांचा मुलगा मुकुल एकदा फोनवर मित्राशी गोल्फबद्दल बोलताना त्यांनी ऐकला होता. इतका खुललेला आवाज त्यांच्या वाट्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. त्यांना फोन आला की तब्येत, हवा, आणि मग 'आईला द्या'.

यंदा मुकुल सुट्टीला आला. मिर्झापूरकडच्या टेकड्यांत गोल्फचं नवं मैदान झालंय, पण बरोबर यायला कोणी नाही, असं तो आईला सांगत होता. वेणीमाधवराव पेपराआडून म्हणाले, "मी येतो की. मी खेळतो." अन्नपूर्णाबाईंच्या हातातली पळी थांबली. टेकडी झेपेल का, असं बाईंनी विचारलं तेव्हा काशीत दुर्गाघाटच्या पायऱ्यांवर ज्याचा जन्म गेला त्याला टेकडीची काय मातब्बरी, असं त्यांनी ऐकवलं. बढाई मारताना त्यांचा आवाज नेहमीच चांगला लागे.

सकाळी दोघे निघाले. रामनगर मागे पडलं, टेकड्या दिसू लागल्या, आणि वेणीमाधवराव मनात हिशेब मांडू लागले. आजची सकाळ नीट गेली तर पोरगा पुन्हा बोलावील, हसं झालं तर पुन्हा तब्येत आणि हवा. एवढंच त्यांना हवं होतं, आणि एवढ्यासाठी ते देवालाही साकडं घालायला तयार होते.

टेकडीनं पहिल्या दहा मिनिटांत त्यांची फुशारकी उतरवली. घाटाला पायऱ्या असतात आणि पायरीवर थांबता येतं, ही गोष्ट त्यांच्या इतक्या उशिरा ध्यानात आली की त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्यांनी चढावर चेंडू मारला, तो थोडा वर गेला आणि शाळेला निघालेल्या पोरासारखा परत त्यांच्या पायाशी आला. असं तीनदा झालं. मुकुलचा स्वतःचा चेंडू पलीकडच्या उतारावर गेला होता, तो शोधायला तो निघून गेला.

चौथा फटका मात्र बसला. चेंडू टेकडी ओलांडून खालच्या खोलगट जागेत एका दगडाला टेकला. दगड लालभडक होता, नुकता शेंदूर चढवल्यासारखा चमकत होता. काशीतल्या माणसाला अशा वेळी विचार करावा लागत नाही. वेणीमाधवरावांनी बूट-मोजे काढले, दवाच्या गवतातून अनवाणी गेले, हात जोडले, एक प्रदक्षिणा घातली आणि बोटानं शेंदूर घेऊन कपाळाला लावला. चेंडू देवाच्या पायाशी गेलेला, तो परत कसा घेणार? त्यांनी दुसरा काढला. तोही पुढच्या वळणावर अशाच एका दगडाशी गेला. पुन्हा बूट, पुन्हा प्रदक्षिणा. इकडच्या लोकांची श्रद्धा दांडगी दिसते, असं त्यांना कौतुकानं वाटलं.

तिसऱ्या दगडाशी एक माणूस उकिडवा बसला होता. त्याच्या हातात ब्रश आणि शेजारी रंगाचा डबा होता. हे कोणते महाराज, असं वेणीमाधवरावांनी आदरानं विचारलं. त्यानं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग कपाळाकडे, आणि म्हणाला, "महाराज कोई नहीं है बाबूजी. बॉल इसके पार गया तो दंड लगता है, उसी का निशान है. हाथ मत लगाइए, पेंट गीला है."

वेणीमाधवरावांनी कपाळ पुसलं, तेव्हा रंग तळहातावर आला आणि भुवईपर्यंत पसरला. मागून मुकुल येत होता. संपलं, त्यांच्या मनात आलं. आता ही गोष्ट नोएडाभर फिरणार, आणि आपण जन्मभर वर्तमानपत्राआड बसणार. लाजेनं त्यांचे कान तापले.

"मुकुल," ते म्हणाले, "हे देव नाहीत रे."

मुकुल थांबला. त्यानं ब्रशकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग हळूच डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या कपाळाच्या मधोमध लाल ऑइलपेंटचा ठसठशीत टिळा होता.

"पलीकडच्या उतारावर पण आहेत," तो म्हणाला. "मी दोन चेंडू सोडून आलो, बाबा. तुम्ही हसाल म्हणून टोपी खाली ओढली होती."

आपण पोराच्या हसण्याला भ्यालो होतो, आणि पोरगा आपल्या. हे कळायला वेणीमाधवरावांना थोडा वेळ लागला. मग ते जे हसले ते गवतावर बसूनच, आणि मुकुलही शेजारी बसला. रंगवाल्यानं रॉकेलची चिंधी पुढे केली. मुकुलनं आधी वडिलांचं कपाळ पुसलं, जपून, डोळ्यांत जाऊ नये म्हणून एक हात आडवा धरून.

"पुढच्या वेळी ना बाबा," पुसता पुसता तो म्हणाला, "रेल्वेच्या मैदानावरच जाऊ. तिथं सगळं सपाट आहे."

वेणीमाधवरावांनी डोळे मिटून घेतले होते. त्यातलं त्यांनी फक्त 'पुढच्या वेळी' एवढंच ऐकलं.