थांबलेलं कबूतर

इंझोरीच्या उकंडरावनं फोन द्यायचं कबूल केलं, तेव्हा रूपा मॅडमचा चहा दोनदा निवून झाला होता. शाळांना कुलूप लागलेलं, वर्ग मोबाइलवर भरत होते, आणि आठवीतली त्याची योगिनी दोन महिने त्या वर्गात दिसली नव्हती. घरात फोन एकच, तो उकंडरावच्या खिशात. मॅडम कामरगावहून दोन जीपा बदलून खास त्यासाठी आल्या होत्या.

उकंडराव वाईट माणूस नव्हता. एकवचनी होता. आणि एकवचनी माणसाच्या घरात बाकीच्यांना जरा जपूनच राहावं लागतं.

"फोन देतो मॅडम, तुमच्या शब्दावर," तो म्हणाला. "पण ज्या दिवशी तुमी म्हणसान का पोट्टी नाटकं करून राह्यली, त्या दिवशी फोन बंद अन् शाळाबी बंद. जऊळक्याची आत्या बोलावूनच राह्यली तिले, शिलाई मशीनवर बसवतो म्हणते."

मॅडम हसून "कबूल" म्हणाल्या. अशी वेळ येणारच नाही, ही त्यांची खात्री. योगिनी दाराआड उभी होती. तिनं आनंदानं ओढणीचं टोक दातात धरलं, ते मॅडम निघेपर्यंत सोडलं नाही.

घरात रेंज नव्हती, म्हणून योगिनी स्लॅबवर जाऊन बसायची. तिथंही रेंज मनात आलं तर यायची. पोरगी बोलता बोलता मध्येच थिजायची. तोंड उघडं, हात वर, एक डोळा अर्धा मिटलेला. पोरांना आयतंच सापडलं. स्टॅच्यूचा खेळ सगळ्यांनाच ठाऊक. एकानं 'स्टॅच्यू' म्हणायचं, 'ओव्हर' म्हणेपर्यंत दुसऱ्यानं गोठून राहायचं. योगिनीचं नावच त्यांनी स्टॅच्यू ठेवलं.

मग गोलूला कल्पना सुचली. तो सरपंचाचा पुतण्या, वर्गात डोकं लावायचा नाही, पण वर्ग बिघडवायला त्याच्याइतकं डोकं कुणाचं चालायचं नाही. ठरवून अख्खा वर्ग एकदम गोठला. मॅडमना वाटलं, आपलंच नेटवर्क गेलं. त्या उठल्या, भर उन्हात जिना चढून गच्चीवर गेल्या, फोन डोक्याच्या वर धरून चौफेर फिरल्या, "दिसून राह्यली का रे मी?" म्हणून विचारत. केसांचा अंबाडा सुटला, पदर टाकीच्या नळाला अडकला. पोरं श्वास धरून बघत होती. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी गोलूच्या मागं बांधलेली बकरी निवांत रवंथ करताना दिसली, तेव्हा मॅडमना उमगलं.

तोवर मॅडमच्या त्या गच्चीवरच्या धावपळीचा पोरांनी काढलेला व्हिडिओ गावभर फिरला होता. मुख्याध्यापक धनराज सरांनी तो शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकला आणि खाली लिहिलं, "मॅडम, आता सिनेमातच जा." बाकीच्यांनी हसरे चेहरे पाठवले. रूपा मॅडमनीही एक पाठवला. न पाठवून करतात काय. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. त्या व्हिडिओतल्या चौकोनांमध्ये योगिनीचाही चौकोन होता, गोठलेला. बाकीच्यांचं त्यांना एवढं लागलं नाही. हिच्यासाठी मी दोन जीपा बदलल्या, हेच डोक्यात घोळत राहिलं.

गुरुवारी धनराज सर स्वतः तास बघायला वर्गात आले. मॅडमनी गणित घातलं. एका संख्येच्या तिपटीतून नऊ वजा केले तर अठरा उरतात, तर ती संख्या कोणती? योगिनीनं हात वर केला. "सांग," मॅडम म्हणाल्या. आणि योगिनी थिजली. हात वर, तोंड उघडं, डोळा अर्धा मिटलेला.

कुणीतरी फिसकन हसलं.

"योगिनी, ओव्हर," मॅडम म्हणाल्या.

सगळा वर्ग हसला. सरही हसले. आठवडाभर ज्यांच्या हसण्यापासून तोंड लपवलं, ते आज आपल्या बाजूनं हसतायत, हे मॅडमना फार गोड लागलं. गोड लागलं म्हणून त्या थांबल्या नाहीत. बघा, डोळा कसा मिटलाय, म्हशीला झोप आल्यासारखा, असं म्हणाल्या. तोंड उघडं ठेवून तिची नक्कलही करून दाखवली. नाट्यस्पर्धेला पाठवू हिला, म्हणाल्या. पुरी तीन मिनिटं. गोलू तर जमिनीवर लोळत होता. शेवटी सर म्हणाले, बस झालं, बापाले कळवा तिच्या. मॅडमनी तिला वर्गातून काढलं आणि हसू ओठावर असतानाच उकंडरावला आवाजी निरोप धाडला, की तुमची मुलगी वर्गात नाटकं करते.

दुपारी सरांनी ग्रुपवर योगिनीचा तोच थिजलेला चेहरा टाकला, गंमत म्हणून. मॅडमनी तो मोठा करून बघितला. योगिनीच्या खांद्यामागं, स्लॅबच्या कठड्याच्या वर एक कबूतर होतं. पंख पसरलेलं, पाय पोटाशी घेतलेलं, हवेत.

तीन मिनिटं ते तिथंच होतं. त्यांनी ते बघितलंही होतं. पोरगं स्टॅच्यू खेळेल, कबूतर कसं खेळेल?

उकंडरावचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दोन जीपा बदलून इंझोरीला गेल्या. ओसरीत योगिनीच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली दिसली. उकंडरावनं खुर्ची दिली, चहा सांगितला. मान-पानात कुठं कमी नव्हतं. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. चूक माझी आहे, नेटवर्क गेलं होतं, पोरगी खरंच अडकली होती, मला तिचं काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. उकंडराव दाढी खाजवत ऐकत राहिला.

"काहीच दिसलं नाही म्हणता?"

"काहीच नाही, भाऊ."

तो पिशवीकडं बघू लागला. आत चुलीजवळ बायको भाकरी थापायची थांबली. तेवढ्यात योगिनी पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले. आपल्याला वर्गातून काढलं, आपली नक्कल केली, हे तिला ठाऊकच नव्हतं. बापानं फोन काढून घेतला, पण कारण सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की आपण गणित बोलून राह्यलो अन् समोर मॅडम थिजल्या.

"मॅडम, म्या पूरं गणित सांगतलं होतं. तीन आलं. दिसलं ना तुमाले?"

आणि रूपा मॅडमच्या तोंडातून, आयुष्यभराच्या सवयीनं, रडणाऱ्या लेकराला देतात तसं उत्तर गेलं.

"दिसलं ना, बाळा. तीनच. बरोबर होतं."

उकंडरावनं कप खाली ठेवला.

"आत्ता तं म्हणून राह्यल्या होत्या, काहीच दिसलं नाही."

मॅडम सावरायला गेल्या, पण जेवढं बोलल्या तेवढ्या फसल्या. उकंडराव चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"तुमचं मन मोठं आहे मॅडम," तो म्हणाला. "पोरीपायी खोटं बोलायलेबी आल्या. पण म्या तुमचा पयला शब्द धरला. जीप चारले लागते. योगिने, मॅडमले फाट्यापर्यंत सोडून ये."

आत भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

योगिनी पुढं चालली, मॅडम मागं. जीप आली, मॅडम बायकांमध्ये दाटीवाटीनं बसल्या, तेव्हा ती खिडकीजवळ आली.

"उत्तर नऊ होतं, मॅडम," ती म्हणाली. "मले मागून समजलं."