अनुपच्या जागी

अनुपला नागपूरच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याचा एकच हट्ट असायचा: आपण चौघं पुण्यात जे वाजवतो ते एकदा माझ्या गावी, पवनीत वाजवायचं. व्हिएन्नाच्या हायडनपासून हंगेरीच्या बार्टोकपर्यंत, त्या पाश्चात्य संगीतकारांचं. मित्रांनी तो हट्ट पुरा करायचं ठरवलं आणि तिथल्या बुद्धविहाराच्या सभागृहात मैफल ठेवली.

त्याच्या आईला, विमलाबाईला, पहिल्या रांगेत बसवलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. ती आली होती एकाच गोष्टीसाठी. फोनवर अनुप म्हणायचा, "माय, तिकडच्या त्या बार्टोकनं खेड्याखेड्यांत फिरून बायांची गाणी गोळा केली. ते वाजवतो तवा मले तुमचं धान रोवण्याचं गाणं आठवते. तू आयकशील तं तुलेबी तसंच वाटन."

"आयकीन ना," ती म्हणायची. "घाई काय हाये?"

अनुपच्या खुर्चीत त्याच्या जागी आलेला कुलदीप बसला होता, गुडघ्यांत अनुपचाच चेलो धरून. पहिलं वादन गोड होतं, पण लांबलं. मागचे लोक एकेक करून उठले. मग चौघांतल्या तृप्तीनं हनुवटीखालचं व्हायोलिन काढून सांगितलं, "आता हंगेरीचं, बार्टोकचं."

विमलाबाई सावरून बसली. डोळे मिटून तिनं भाताची बांधी समोर आणली, चिखलात वाकलेल्या बाया आणल्या. सूर मात्र तुटक, खरखरीत येत राहिले. पुढं कुठं तरी ओळखीची ओळ लागेल म्हणून ती जीव कानात आणून बसली. टाळ्या पडल्या तेव्हा तिला कळलं, संपलं.

"काकू, कसं वाटलं?" तृप्तीनं जवळ येऊन विचारलं.

"अनुप म्हणे, आमच्या गाण्यावानी हाये. मले तं काही सापडलं नाही, पोरी. तुले सापडते का?"

तृप्तीनं रोवण्याचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. "ते त्यालाच ऐकू यायचं, काकू," ती हळूच म्हणाली.

कुलदीपनं पेटीत ठेवलेला चेलो पुढं आणला. "हा तुमच्याकडेच राहू द्या."

"घेऊन जा, बापा. घरी ठेवून मी काय करू? वाजला तरी तो येत नाही, नाही वाजला तरी येत नाही."

कुलदीपनं पेटी परत उचलली. मित्रांची गाडी पुण्याच्या वाटेला लागली. शेजारची रुखमा न्यायला आली होती. तिनं सभागृहाच्या दारातच विचारलं, "कसं झालं वं, बाई?"

"झालं," विमलाबाई म्हणाली, आणि आपल्या चपला शोधू लागली.