चादरीपलीकडचा खोकला

२००१ सालची गोष्ट. यज्ञेश नुकताच शिक्षणसेवक झाला होता. मानधन इतकं तुटपुंजं, की माझी पुतणी स्वानंदी हिच्या आईसमोर, म्हणजे विमलावहिनींसमोर, त्याचा विषय निघाला की मीच खाली बघायचो. वहिनींनी अलोऱ्याच्या एका इंजिनिअरचं स्थळ हेरून ठेवलं होतं, सरकारी क्वार्टरसकट. स्वानंदी मात्र यज्ञेशसाठी हटून बसलेली.

तेव्हा या शहाण्याने रत्नागिरीतल्या आमच्या फिल्म सोसायटीत एक जुना इटालियन सिनेमा मागवला. मला म्हणाला, "भास्करकाका, गरिबाचं प्रेम काय असतं ते काकूंना बघू दे." पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मराठीत मोठ्याने सांगायचं काम माझं. सिनेमा मी आधी पाहिला होता. करायला जावं गणपती नि व्हायचा मारुती, ही धाकधूक मला तेव्हापासूनच होती.

सिनेमात बंदरावरचा एक हमाल आणि कपडे धुणारी पोरगी. कुठे बसायचं तर पैसे पडतात, म्हणून दोघं धक्क्यावर नुसती येरझाऱ्या घालतात. मासळीचा मोटारवाला व्यापारी तिला मागणी घालतो, ती नाही म्हणते. तिथे हॉलमध्ये टाळ्या पडल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. स्वानंदीचे हात मांडीवरच होते.

मग लग्न होतं. खोली एकच, मध्ये दोरीवर चादर. अलीकडे नवराबायको, पलीकडे सासरा खोकतोय. दोघं जागी, पण बोलत नाहीत. वाचायला अक्षरं नव्हती, त्यामुळे मीही गप्प. हॉलभर फक्त तो खोकला. पालीला यज्ञेशच्या घरी असाच जुन्या लुगड्याचा आडोसा आहे, आणि त्यामागे त्याचे वडील असेच खोकतात. गणपतीत स्वानंदी तिथे जाऊन आली होती.

दिवे लागले.

"भावोजी, पोरगा गुणी आहे हो," वहिनी नाक पुसत म्हणाल्या. "मीच मेली उगाच आड आले. उद्याच अलोऱ्याला नाही म्हणून कळवते."

स्वानंदी अजून रिकाम्या पडद्याकडेच बघत होती.

"कळवू नको, आई."

"अगो, तूच ना इतके दिवस..."

"नको कळवू."

तेवढ्यात यज्ञेश रिळांचा डबा बंद करून हसत आला. "कसा वाटला?"

"खरा वाटला," स्वानंदी म्हणाली.

याहून मोठी शाबासकी त्याला नको होती. खुशीत तो पुढच्या महिन्याच्या सिनेमाबद्दल सांगू लागला. मला त्याच्याकडे बघवेना.