ठमाबाईच्या दोन मुळ्या

मित्रांनो, मी एक जुना मास स्पेक्ट्रोमीटर आहे. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. डोळ्यांना न दिसणारे रेणू मी फोडतो आणि त्यांचे तुकडे तोलतो.

१९६४ साली मी परदेशातून बोटीने मुंबईला आलो आणि तिथून ट्रकने पनवेलच्या एका वनौषधी प्रयोगशाळेत. माझ्या अंगात भलामोठा लोहचुंबक होता, म्हणून मला उतरवायला बारा माणसे लागली.

चंद्रावतीबाई तिथल्या रसायनशास्त्रज्ञ. त्या चिमूटभर पदार्थाची वाफ माझ्यात सोडत. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तिचे रेणू फुटत. हलके तुकडे चुंबकापाशी जास्त वळत, जड कमी. त्यांची वजने कागदी पट्टीवर रेघा होऊन उमटत. फुटलेल्या बांगडीचे तुकडे जुळवावेत, तशी बाई त्या रेघांवरून रेणूची रचना शोधत.

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतल्या ठमाबाई आम्हाला तापावरची एक मुळी आणून देत. तिच्यातल्या औषधी रेणूचे वजन मी सांगितले, तीनशे चोपन्न. पण तुकडे काही केल्या एका रचनेत बसेनात. मलाही नवल वाटे. माझेच काही चुकते की काय?

अशातच आमच्या कोठारातल्या त्या मुळीच्या काढ्याने तीन रोग्यांना उलट्या झाल्या, एकाची नाडी मंदावली. प्रयोगशाळेचे प्रमुख दिनानाथसाहेब संतापले.

"ठमाबाई, तुम्ही भेसळ केलीत. पुन्हा फाटकाच्या आत यायचं नाही."

"भेसळ नाय साहेब," एवढेच बोलून त्या निघून गेल्या.

चंद्रावतीबाईंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्या चालत वाडीवर गेल्या आणि परतल्या त्या दोन पुड्या घेऊनच.

"साहेब, सावलीतली मुळी वेगळी, ती तापावर पोटात घ्यायची, आणि उन्हातली वेगळी, ती फक्त लेपाला, असं ठमाबाई म्हणतात. दिसायला अगदी सारख्या. त्या दोन गाठोडी बांधून देत होत्या. आपल्या कोठारात ती एकत्र ओतली गेली."

"दोन्हींत रेणूचं वजन सारखं निघालं, तर?"

"मिश्रणात एकच वजन दिसलं, म्हणजे सारखंच निघेल. तुकडे बघू."

दोन्ही मुळ्यांचे अर्क आळीपाळीने माझ्यात आले. वजन दोन्हींचे तीनशे चोपन्न! पण फुटताना पहिल्यातून त्रेचाळीस वजनाचा तुकडा सुटला, दुसऱ्यातून एकतीसचा. रेणू दोन होते, अणू तेच, पण जोडणी निराळी. आम्ही वर्षभर दोन बांगड्यांचे तुकडे मिसळून एकच बांगडी जुळवत बसलो होतो. पुढच्या चाचण्यांत उन्हातली मुळी पोटात घ्यायला घातक निघाली.

दिनानाथसाहेब स्वतः वाडीवर गेले. "चूक आमची होती. मी तुमच्यावर उगाच आळ घेतला," ते म्हणाले.

दोन दिवसांनी ठमाबाई प्रथमच माझ्या खोलीत आल्या. चंद्रावतीबाईंनी त्यांच्या हातात कागदाची पट्टी दिली. उंचसखल रेघांवरून बोट फिरवत त्या हसल्या.

"बाई, ह्ये तं डोंगरच हायत!"

पुढे छापलेल्या शोधनिबंधात चंद्रावतीबाईंनी मुळ्या ओळखणाऱ्या ठमाबाईंचे नाव आपल्या नावाशेजारी लिहिले.

आता माझ्यातली हवा काढणारा पंप बंद आहे आणि अंगावर धूळ बसते. ती कोणी पुसली तर बरे वाटेल. पण मित्रांनो, त्याआधी तुमच्या आसपास झाडपाला ओळखणारे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा, त्यांना विचारा. रेणू मी फोडून दाखवला खरा, पण मुळी सावलीतली की उन्हातली, हे मला कधीच कळले नसते.