वाकळीला बांधलेली दोरी

"घराबद्दल काही सांगायचं नाही, छत गळत नाही," किल्ली हातात देताना रत्नमालाताई म्हणाल्या. आमच्या आधी त्याच त्या घरात भाड्याने राहायच्या. "फक्त समोरच्या द्वारकाबाईंकडे लक्ष असू द्या. त्यांना ऐकू आलं नाही, तर अख्खी गल्ली कोरडी राहील."

मी हो हो म्हटलं आणि विसरून गेले. माझी लेक संस्कृती तेव्हा नुकती रांगायला लागली होती. स्विचबोर्ड, पाली, पाण्याचे उघडे ड्रम, पायरीचा टोकदार कोपरा, एवढी काळजी पुरेशी होती. त्यात समोरच्या म्हातारीची भर कुठं घालू? शिवाय मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, त्यामुळे इतरांना न दिसणारे जंतूही मला दिसतात. माझा नवरा शिवम वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जातो. तो म्हणतो, "तू झोपेतसुद्धा एक डोळा उघडा ठेवतेस." खोटं नाही. संस्कृती झोळीत झोपायची तेव्हा झोळीच्या दोरीचं दुसरं टोक मी मनगटाला बांधून पडायचे. ती जरा हलली की मी जागी.

ती चालायला लागल्यावर झोळी सुटली. मग मी तिला पीं पीं वाजणारे बूट आणले. घरात कुठंही गेली तरी कळावं म्हणून.

द्वारकाबाईंची खरी ओळख झाली ती मी फुटकी बादली कचरागाडीत टाकायला निघाले तेव्हा.

"काय फेकायलीस गं?"

"बादली, मावशी. तळाला भोक पडलंय."

"बघू. एवढंसं तर हाय. दे हिकडं, काम निघतंय."

त्यांच्या घरात सगळ्याच वस्तूंना असं काम निघालेलं होतं. मोटार जळलेल्या कूलरच्या पत्र्याच्या पेटीत माती भरून मेथी लावलेली. बाजेची जुनी नवार कपडे वाळत घालायला ताणलेली. झाकण हरवलेल्या कुकरात तुळस. जुन्या पातळांच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, तर इतक्या, की पाहुणा आला की त्याच्या पाठीखाली नेमकी कोणाची लग्नातली साडी आहे तेही त्या सांगायच्या.

"मावशी, त्या पत्र्याला गंज चढलाय. हात कापला तर धनुर्वात होईल," मी एकदा म्हटलं.

"मला कशाला होतोय. लोखंडाचा नि माझा लई जुना घरोबा."

संस्कृतीला त्यांनी दिलेलं बाळवाकळीचं गाठोडं मी दोनदा उकळत्या पाण्यातून काढलं होतं. ते दोरीवर वाळताना बघून त्या एवढंच म्हणाल्या, "रंग गेला नाय ना? मग झालं. पोरीला ऊब घाल आता."

आता पाण्याचं सांगते. संभाजीनगरात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या हर्सूलकडच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये कितीतरी दिवस जातात, आणि आलं तर कुठल्या वेळी येईल याचा नेम नाही. पाण्याला जोर नसतो म्हणून प्रत्येकाच्या दारात खड्डा खणलेला आणि नळ त्या खड्ड्यात. गल्लीतला पहिला खड्डा द्वारकाबाईंचा. पाणी यायच्या आधी नळातून हवा फुसफुसते, ती आधी त्यांच्याकडे. ती ऐकली की त्या चिरलेली पितळी परात घेऊन ओट्यावर यायच्या आणि अर्ध्या लाटण्याने बडवायच्या. परात वाजली की गल्ली उठलीच. ड्रम विसळायचे, पाइप जोडायचे, आंघोळीतल्या माणसाला बाहेर काढायचं. हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. त्या नव्या सून म्हणून आल्या तेव्हापासून चालू होतं म्हणे.

दिवाळी झाली आणि एका दुपारी परात वाजलीच नाही.

संध्याकाळी शिवम घरी आला तो खड्ड्यात वाकून म्हणाला, "तनुजा, इथं ओल आहे. पाणी येऊन गेलं की काय?" मागच्या गल्लीतले ड्रम काठोकाठ भरलेले होते. आमचे रिकामे.

शेजारच्या गोजरबाई कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. "काय द्वारकाबाई, परातीला सुट्टी दिली व्हय?"

"आलंच नाय पाणी," द्वारकाबाई ठामपणे म्हणाल्या. "आलं असतं तर मला कळालं नसतं का?"

"मागच्या गल्लीत काय मग आमरस आला?"

द्वारकाबाई पाठ फिरवून मेथीला शेणखत घालायला बसल्या. संस्कृती माझा हात सोडून त्यांच्याकडे पळाली. पीं पीं, पीं पीं, पीं पीं. अगदी पाठीशी जाऊन उभी राहिली, दोन उड्याही मारल्या. त्यांनी मान वळवली नाही. तिने पदर ओढला तेव्हा दचकल्या.

गोजरबाई तोवर घरात गेल्या होत्या. हे फक्त मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं द्वारकाबाईंनी पाहिलं.

"आत ये," त्या म्हणाल्या.

आत त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला. सुया, गुंड्या, चिंध्या आणि त्यांच्या खाली कानाचं यंत्र. मुलाने, सर्जेरावांनी, पुण्याहून आणून दिलेलं.

"हे घातलं की कानात मिक्सर लावल्यावानी होतंय. जागेपणी घालीन एकवेळ. पण निजताना काढावंच लागतंय ना. आणि पाणी यायचं ते नेमकं मी पडल्यावर." डबा त्यांनी टप्पकन बंद केला. "सर्जेरावाला बोलू नको. दिवाळीत म्हणून गेलाय, आता एकदा जरी तुझी अडचण झालेली कळली तर गाडीत बसवून नेतो."

"त्यांना तुमची काळजीच वाटते ना, मावशी."

"वाटू दे की. पोरगं गुणाचं हाय, सून बी गुणाची. पण तिथं चौथा मजला. तिथं नळ कधीबी सोडा, पाणी येतंय." डबा त्यांनी कोपऱ्यात सरकवला. "मग मी काय करू तिथं?"

त्या रात्री मी शिवमला म्हटलं, मीच लक्ष ठेवीन नळाकडे, त्यात काय. तो म्हणाला, ठेवशील, पण परात तुझ्या हातात आली की त्यांच्या हातात काय राहिलं? जांभई देत बोलला, पण बरोबर बोलला. मी कपाट आवरत होते. वरच्या फळीवर झोळीची दोरी गुंडाळून ठेवलेली होती, आणि ती हातात घेतल्याबरोबर माझं मनगट आपोआप ओढल्यासारखं झालं.

सकाळी मी दोरी घेऊन समोर गेले.

"मावशी, पोरगी रडायच्या आधी मी जागी व्हायचे. आवाजाने नाही, दोरीने. तुमची बाज खिडकीला लागून, खिडकीखाली नळाचा खड्डा. मधे फक्त दोरी हवी."

त्यांचे डोळे बारीक झाले आणि त्या हसायला लागल्या. "नळाला झोळीत घालायचं म्हण की."

ती सकाळ आम्ही दोघींनी नुसता पसारा केला. कूलरच्या स्टँडचं एक चाक काढून खिडकीच्या गजाला बांधलं, त्यावरून दोरी फिरवली. खाली नळाखाली बादली टांगायची, ती भरून खाली गेली की दोरी ओढली जाणार. मी घरून चांगली बादली आणली. ती त्यांनी परत केली.

"ही चालत नाय. पाणी नसलं तरी पाइपात उरलेलं दिवसभर थेंब थेंब गळतंय. त्यानंच भरली तर मी उगंच परात बडवीन, आणि गोजरी मला खाईल. तुझी ती फुटकी आण, मेथीच्या मागं ठेवलीय. थेंब भोकातून जातील. खरं पाणी आलं तरच भरंल."

एम.एस्सी.च्या बाई उठल्या आणि मेथीच्या मागची बादली घेऊन आल्या.

दुसरं टोक कुठं बांधायचं यावर वाद झाला. त्या म्हणत होत्या, पायाच्या अंगठ्याला. मला त्यात रक्ताभिसरण थांबण्यापासून बाजेवरून पडण्यापर्यंत सगळं दिसायला लागलं.

"तुला बरं सगळं आधीच दिसतंय," त्या म्हणाल्या.

शेवटी वाकळीच्या कोपऱ्याला जुन्या ब्लाउजच्या पट्टीचा फास शिवला आणि दोरी त्यात अडकवली. पाणी आलं की पायावरची वाकळ सरकणार. डिसेंबरची थंडी. पाय उघडे पडल्यावर कोण झोपून राहील?

चाचणीला धुण्याचं उरलेलं पाणी घेतलं. पहिल्यांदा दोरी चाकातून निसटली आणि बादली धाडकन खड्ड्यात. दुसऱ्यांदा मी एकदम जास्त ओतलं, तर वाकळ, उशी आणि उशीवर बसलेली मांजर अशी सगळी वरात खिडकीकडे निघाली. द्वारकाबाई बाजेवर हसत हसत आडव्या झाल्या. संस्कृती टाळ्या पिटत "पुन्ना, पुन्ना" म्हणत होती. तिसऱ्यांदा वाकळ हळूच, शहाण्यासारखी, हातभर सरकली. पाय उघडे पडले.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता मरणाला बी दोरी ओढावी लागंल."

"असं बोलू नका, मावशी."

"बरं. पाण्याला ओढावी लागंल."

चाचणीचं पाणी मेथीला घातलं आणि वाट बघायला लागलो.

पण पाण्याच्या आधी सर्जेरावच आले. रविवार होता. गोजरबाईंच्या भाच्याने पुण्यात त्यांना परातीची गोष्ट सांगितली होती. जेवून द्वारकाबाई बाजेवर लवंडल्या, यंत्र डब्यात, दोरी वाकळीला. सर्जेराव बाजेशेजारी खुर्चीवर बसले आणि मी ताक घेऊन गेले, तर मलाच विचारायला लागले.

"तनुजाताई, तुम्ही शिकलेल्या आहात. खरं सांगा. आईचं भागतं का इथं एकटीचं? संध्याकाळी निघताना तिला घेऊनच जावं म्हणतो. कपडे भरायला सांगणार आहे."

हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर त्यांची गाडी तयार. नेमकं तेव्हा द्वारकाबाईंच्या पायावरची वाकळ सरकली.

सर्जेराव बोलता बोलता वाकले आणि त्यांनी ती परत आईच्या पायावर ओढली. "थंडी फार आहे इकडं," ते म्हणाले.

वाकळ पुन्हा सरकली. त्यांनी पुन्हा ओढली, या वेळी नीट खोचून. मी तोंडावर पदर धरला. मला सांगता आलं असतं, पण तो माणूस इतक्या मायेने आईचे पाय झाकत होता की त्याला अडवावंसं वाटेना. तिसऱ्यांदा वाकळ सरकली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. खाली बादली ओढतेय, वर सर्जेराव. या ओढाताणीत द्वारकाबाई जाग्या झाल्या.

"सोड की रे मेल्या. पाणी आलंय."

सर्जेरावांनी सोडली. वाकळ सरसर खिडकीकडे गेली आणि त्यांची आई तिच्या आधी दाराबाहेर. ओट्यावरून परात वाजायला लागली. अर्धं लाटणं, चिरका आवाज, आणि एकेक करून उघडणारी दारं. गोजरबाई डोक्याला तेल चोपडलेलं, तशाच पाइप ओढत बाहेर आल्या. "लवकर वाजवायचं की हो जरा," त्या ओरडल्या. पण हसून.

सर्जेराव खिडकीशी वाकून दोरी बघत होते. चाक फिरवून पाहिलं, फास पाहिला. "ही कल्पना कोणाची?"

"माझी दोरी, त्यांची बादली," मी म्हटलं.

"आणि आई रोज हे बांधूनच निजते?"

"यंत्र काढून, निवांत."

ते बाह्या वर करून बाहेर गेले आणि आईचे ड्रम भरून झाल्यावर आमचेही भरू लागले. संध्याकाळी गाडीत बसण्याआधी त्यांनी खिडकीतल्या चाकाला तेल दिलं आणि दोरीची गाठ पक्की केली. कपड्यांची पिशवी त्यांनी मागितली नाही. द्वारकाबाईंनी त्यांना मेथीची जुडी दिली आणि सांगितलं, "सुनेला म्हणावं, हिची माती धू नीट. ही तनुजा म्हणते, जंतू असतात."

हे झालं मागच्या हिवाळ्यात. तेव्हापासून परात चुकलेली नाही. फक्त आता थंडी नसली तरी त्या पायावर वाकळ घेतात, आणि उन्हाळ्यात गोजरबाई त्यावरून त्यांना काय काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी हे माहेरी, पिशोरला बसून लिहिते आहे. दुसऱ्या खेपेचं बाळंतपण आहे. झोळीची दोरी खिडकीत अडकलेली म्हणून मी नवी आणायचं म्हटलं, तर निघताना मावशींनी जुन्या पातळाच्या पट्ट्यांची वळलेली, मऊ, बोटभर जाड दोरी पिशवीत टाकली. "ही उकळ हवी तेवढी," म्हणाल्या.

आज पाण्याचा दिवस असावा. सकाळपासून दोनदा फोन लावला, उचलला नाही. नळावर असतील, किंवा यंत्र डब्यात असेल. शिवम कंपनीत. मला माहीत आहे, सगळं ठीकच असणार. तरी तुम्ही हर्सूलकडचे असाल तर गल्लीच्या तोंडाशी कूलरच्या पेटीत मेथी दिसेल, तिथं जरा डोकावून या. आणि दुसरीकडे कुठं राहत असाल, तर तुमच्या समोरच्या दारापर्यंत तरी जा. हाक मारून थांबू नका, ऐकू जात नसेल. आत जाऊन बघा. निमित्त हवं असेल तर फुटकी बादली घेऊन जा.