बोटांमधली जागा

सकाळपासून दामिनीने एकदा पोहे करपवले होते आणि दुसऱ्यांदा केले त्यात मीठ घालायला विसरली होती. आज गोपिकाच्या हाताचं ऑपरेशननंतरचं बँडेज सुटायचं होतं. जिचं सुटायचं ती दीड वर्षाची पोर मात्र तो पांढरा गठ्ठा हातोड्यासारखा वापरत, सोफ्यावर, डब्यांवर, बापाच्या गुडघ्यावर धपाधप हाणत घरभर फिरत होती.

"पुरे वं माय, टाके उसवशीन!" इंदुताईंनी नातीला ओढून मांडीवर घेतलं. लेकाकडे, नागपूरच्या हुडकेश्वरला, त्या पारशिवनीहून कालच आल्या होत्या, खास याच दिवसासाठी. मग सुनेकडे न बघताच त्या म्हणाल्या, "आन् उद्या ग्रहण आहे बरं. सुई-कैची उचलून ठेवजो."

दामिनीचा हात कढईतच थांबला.

गोपिका पोटात होती तेव्हाही ग्रहण आलं होतं, ऐन कोजागिरीला. दामिनीला सातवा महिना. गर्भारशीने काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, नुसतं पडून राहायचं. पण बाळाच्या स्वप्नांनी ती इतकी फुलून आली होती की पडवेना. दार लोटून घेऊन तिने झबल्याला पिवळी लेस लावायला घेतली. अर्धी लावून झाली आणि सासूबाईंची चाहूल लागली.

पोर जन्मली ती उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि अनामिका, टोकापर्यंत एकमेकांना चिकटलेली घेऊन. इंदुताईंनी ती मूठ उलगडून पाहिली आणि म्हणाल्या, "शिवलं होतं ना तुनं ग्रहणात? पोरीची बोटंच शिवली गेली."

एवढंच बोलल्या. पुन्हा कधी तोंडातून शब्द काढला नाही, उलट नातीवर जीव ओवाळून टाकला. पण दामिनीच्या मनात ते एक वाक्य काट्यासारखं मोडून राहिलं. पोर झोपली की ती त्या जोडलेल्या बोटांवरून हात फिरवायची, आपलाच टाका शोधत असल्यासारखी.

आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. दुसरा महिना. नवऱ्याला, सौरवला, सांगितलं होतं, सासूबाईंना नाही. सांगणार तरी कसं? उद्याच ग्रहण!

डॉक्टर वानखेडेबाईंच्या दवाखान्यात चपला बाहेर काढाव्या लागत. चौघं अनवाणी आत गेली. डॉक्टरांनी हळूहळू पट्टी उलगडायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, तिसरा. दामिनीने मांडीवरच्या पोरीचं कोपर धरून ठेवलं होतं. शेवटचा कापूस निघाला.

गुलाबी, सुरकुतलेली, नवीकोरी दोन बोटं. वेगळी!

गोपिका टक लावून बघत राहिली. मग तिने डाव्या हाताचं बोट त्या नव्या जागेत घातलं, पलीकडून बाहेर काढलं, पुन्हा घातलं आणि खदखदून हसली.

"हालून राहिली वं!" इंदुताई ओरडल्या. "दोन्ही हालून राहिली! पाह ना सौरव!"

सगळे एकदम बोलत होते, आणि त्या गोंधळात दामिनीच्या तोंडून निसटून गेलं, "डॉक्टर, ग्रहणात शिवलं की असं होते का?"

इंदुताई पदराशी चाळा करू लागल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या. "पोटात बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा असतो, सपाट. मग बोटांच्या मधल्या पेशी आपणहून मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. त्यांना कोणी मारत नाही बरं. सांगावा आला की त्या आवरासावर करतात, स्वतःच्या बारीक पुड्या बांधतात, आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. सूज नाही, जखम नाही."

"मराचं तं मराचं, वरून पुड्याबी बांधाच्या?" इंदुताईंना राहवेना.

"शेजाऱ्याला त्रास नको ना, काकू! तुमच्या-माझ्या अंगात आत्ताही अशा कितीतरी मरून राहिल्या, म्हणून आपण धड आहोत. वेळ झाली तरी ज्या मरत नाहीत, त्यांचीच पुढे कधी गाठ होते."

"अगंबाई! म्हंजे मरणंबी कामाचं म्हना."

"फार कामाचं. गोपूच्या या दोन बोटांमधल्या पेशींना सांगावाच पोचला नाही."

"पण हे होते कधी?" दामिनीने विचारलं.

"दुसऱ्या महिन्यात. सातव्यात सुई काय, तुम्ही शिलाई मशीन चालवली असती तरी बोटांना पत्ता लागला नसता."

दामिनीने पोरीला घट्ट धरलं. अंगातून काहीतरी भरकन उडून गेल्यासारखं तिला हलकं हलकं वाटलं.

इंदुताई मात्र हटल्या नाहीत. "मंग सांगावा पोचला काहून नाई?"

"कधी कधी हे घराण्यातून येतं."

"तेच तं! हिच्या माहेरी कोणाले..."

"काकू, एक मिनिट." डॉक्टरांची नजर खाली फरशीवर होती. "सौरव, तो पाय जरा पुढे करा."

सौरवने पाय पुढे केला. अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यापर्यंत जोडलेली. घरात सगळ्यांना ठाऊक, त्याच्या आजोबांचा, रामाजींचाही पाय तसाच होता. लक्ष्मीचा पाय म्हणायचे त्याला. दरवर्षी पेरणीला वावरात पहिलं पाऊल सौरवचंच पडायचं, त्यासाठी त्याला नागपूरहून बोलावून घ्यायचे. आणि तो पाय नि ही मूठ शेजारी ठेवून कोणी म्हणजे कोणी पाहिली नव्हती.

"आई," सौरव गालात हसत म्हणाला, "मी पोटात होतो तवा तू काय शिवलं वं ग्रहणात?"

"मी कायले शिवतो? मले सुईत दोरा ओवता येत नाई! मी त निंदाले जात होतो..." आणि इंदुताईंनी पदर तोंडावर धरला. वर नुसते डोळे. ते डोळे लेकाच्या पायावरून नातीच्या हातावर आणि तिथून सुनेवर गेले.

"लेकाचं ते लक्ष्मी," त्या पदराआडून पुटपुटल्या, "आन् नातीचं तं तुई सुई. काय वं बाई मी!"

दामिनीला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्या भरात ती बोलून गेली, "आई, मले पुन्हा दिवस गेले. दुसरा महिना आहे."

इंदुताई उभ्याच राहिल्या. सुनेकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. "म्हंजे त्या पुड्या... आत्ता?"

"याच दिवसांत," डॉक्टर म्हणाल्या.

इंदुताई पुढे आल्या, दामिनीच्या पोटावर तळवा टेकला, आणि डोळे मिटून देवाला सांगावं तसं मनापासून म्हणाल्या, "मरा रे बाप्पाहो, येळेवर मरा!"

डॉक्टरही खो खो हसत सुटल्या. कोणत्या सासूने गर्भार सुनेला असला आशीर्वाद दिला असेल!

बाहेर चपला घालताना इंदुताईंनी हळूच विचारलं, "ते पिवळ्या लेसचं झबलं फेकलं का ठेवलं?"

"ठेवलं आहे. अर्धी लेस राहिली."

"मंग लाव ना उद्या. तसंबी घरातच बसाचं आहे."

सौरवच्या खांद्यावर बसलेली गोपिका रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाचही बोटं पसरून टाटा करत होती.